अंगात मुरलेलं हवामान

डिसेंबरातल्या सकाळी म्हैसूरच्या गोकुलम भागात एकाच रस्त्यावर दोन ऋतू दिसतात. योगवर्ग आटोपून बाहेर पडलेले परदेशी साधक बिनबाह्यांच्या सदऱ्यात, साध्या चपलांवर शहाळ्याच्या गाडीपाशी उभे असतात. त्यांना शहाळं सोलून देणारा मात्र स्वेटर घालून, कानांवरून मफलर गुंडाळून बसलेला असतो. स्कूटरवरून शाळेला निघालेल्या पोरांना कानटोप्या असतात. पारा सोळा-सतरा अंशांच्या आसपास. योगगुरू पट्टाभी जोईस यांच्या अष्टांग योगामुळे गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेतली असंख्य माणसं या शहरात येऊन राहिली. त्यांतली पुष्कळ जण नेमकी हिवाळ्यात येतात, कारण तेव्हा त्यांच्या गावी बर्फ पडत असतं. वर्गातल्या घामाची ऊब हिशेबात धरली, तरी संध्याकाळी कॉफी प्यायला बसल्यावरही दोघांच्या कपड्यांतला फरक तसाच असतो.

त्याच वेळी राजवाड्यासमोर महाराष्ट्रातून आलेल्या बस थांबतात. म्हैसूर, उटी, कूर्ग, बंगळुरू ही मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची सहल. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मग मे महिना. बसमधून उतरणाऱ्यांत कुणी शाल लपेटलेलं असतं, तर कुणी स्वेटर काढून कमरेला बांधतं. एकाच बसमधली, एकच भाषा बोलणारी ही माणसं, तरी एकाला हवा झकास वाटते आणि दुसऱ्याला गारठा सोसत नाही.

थंडी-पाऊस सोसण्याला आपण काटकपणा म्हणतो आणि न सोसण्याला नाजूकपणा. मला हे अन्यायाचं वाटतं. माणूस राहतो त्या गावाचं हवामान त्याच्या अंगात मुरतं, त्याच्या घराच्या बांधणीत उतरतं आणि त्याच्या मनातल्या पंचांगातही बसतं. सहलीला निघताना ते त्याच्यासोबत निघतं. हे पाहण्यासाठी म्हैसूर फार चांगली जागा आहे, कारण या शहराची स्वतःची हवा कोणत्याच टोकाला जात नाही. इथे येणाऱ्याला जे जाणवतं, त्यात म्हैसूरचा वाटा कमी आणि त्याच्या गावाचा वाटा जास्त असतो.

मधल्या पट्टीचं शहर

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३४-३५ अंशांपर्यंत चढतो, जानेवारीच्या पहाटे १६ अंशांच्या आसपास उतरतो. २०१२च्या जानेवारीत तो ७.७पर्यंत घसरला होता, पण ते नवल होतं. वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या जवळपास. या हवेमुळेच म्हैसूरला निवृत्तांचं नंदनवन म्हणत आले आहेत.

पण पावसाची बेरीज पुण्यासारखी असली, तरी वाटणी वेगळी आहे. पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबरात आटोपतो. म्हैसूर सह्याद्रीच्या पावसाआडच्या बाजूला असल्यामुळे जून-जुलैत तिथे ढग धावतात, वारा सुटतो, भुरभुर होते, आणि बहुतेक पाणी घाटानेच आधी काढून घेतलेलं असतं. खरा पाऊस पडतो तो मे महिन्यात वळवाचा आणि ऑक्टोबरात परतीचा. जुलैत म्हैसूरला जेवढं पाणी पडतं, त्याच्या जवळपास दुप्पट ऑक्टोबरात पडतं.

पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरच्या आत कूर्गमधलं मडिकेरी आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक आणि एकट्या जुलैत हजाराच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरचा धबाबा पाऊस सोडून घाट उतरून वाईत आलं की जसा रस्ता कोरडा लागतो, तशीच ही गंमत. दक्षिणेला तेवढ्याच अंतरावर, बंडीपूरचं जंगल ओलांडून आणि घाट चढून, सुमारे २,२४० मीटरवर उटी. दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं, तर म्हैसूरहून उटीला पोचेपर्यंत साडेनऊ अंशांची उतरंड होते. म्हणजे म्हैसूरला मुक्काम ठेवून दोन-तीन दिवसांत तीन हवामानं अंगावर घेता येतात. मराठी सहलीचा आराखडा नेमका हाच असतो.

एका बसमधली सहा गावं

आता बसमध्ये बसलेल्या मंडळींकडे पाहू. महाराष्ट्राला एक हवामान नाहीच. निफाडच्या माणसाला जानेवारीतल्या चार-पाच अंशांच्या पहाटा माहीत असतात. द्राक्षांचे घड वाचवण्यासाठी तिथले शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. त्याला म्हैसूरचे सोळा अंश म्हणजे उबदार सकाळ. पुणेकरालाही डिसेंबरात म्हैसूरपेक्षा घरीच जास्त थंडी असते.

मुंबईकराचं उलट. १९६२च्या जानेवारीत सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती, ती अजून सांगितली जाते, कारण तसं पुन्हा होत नाही. समुद्र त्याच्या शहराला दिवसा फार तापू देत नाही आणि रात्री फार निवू देत नाही. त्याच्या कपाटातला स्वेटर बहुधा सहलीपुरताच बाहेर येतो. नागपूर-चंद्रपूरचा माणूस मे महिन्यात ४५ अंशांतून निघालेला असतो. सिंधुदुर्गातल्या माणसाला पावसाचं कौतुक सांगायची सोय नाही, त्याच्या आंबोलीला वर्षाला सात मीटरच्या घरात पाऊस होतो. आणि माण-आटपाडीकडच्या माणसाच्या गावात वर्षभर मिळून ५०० मिलिमीटरच्या आसपास. कूर्गमध्ये खिडकीबाहेर चोवीस तास धार लागली की कोकणातला माणूस वाळत घातलेल्या कपड्यांची काळजी करतो, माणदेशातला खिडकीपासून हलत नाही. दोघांची नजर आपापल्या गावाने घडवलेली आहे.

हा फरक सरकारदरबारीही मान्य आहे. भारतीय हवामान खात्याच्या निकषांत मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनाऱ्यावर ३७ पुरतात आणि डोंगराळ भागात ३०. थंडीच्या लाटेसाठी मैदानात किमान तापमान १० किंवा खाली, डोंगराळ भागात शून्य किंवा खाली जावं लागतं. किनाऱ्यावर मात्र १५ अंशांनाही, ते नेहमीपेक्षा बरंच खाली असेल तर, थंडीची लाट म्हणता येते. एकाच देशातल्या एकाच खात्याने थंडीचा आकडा जागेनुसार बदलता ठेवला आहे, कारण थंडी बाधते ती नेहमीच्या मानाने.

शरीर काय मोजतं

थंडी ओळखणारी यंत्रणा त्वचेत आहे. डेव्हिड जूलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं ते तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशाच रेणूंच्या शोधासाठी. गारव्याची जाणीव देणारा रेणू साधारण पंचवीस-सव्वीस अंशांच्या खाली जागा होऊ लागतो, आणि त्वचेतले हे पहारेकरी बदलाच्या वेगाला विशेष प्रतिसाद देतात. हळूहळू आलेली थंडी म्हणून कमी टोचते. विमानाने किंवा रात्रीच्या बसने एका झोपेत गाठलेली थंडी अंगावर येते.

दुसरी गोष्ट फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ साली मांडली. एकच स्पर्श सुखाचा की दुःखाचा, हे शरीराच्या त्या घडीच्या गरजेवर ठरतं. तापलेल्या अंगाला गार पाणी सुख देतं, गारठलेल्या अंगाला तेच पाणी नकोसं होतं. नागपूरहून मे महिन्यात निघालेल्या कुटुंबाला उटीचा घाट चढताना खिडकी उघडी टाकून जो आनंद होतो, त्याचं कारण हे आहे. शरीरात साठलेली उष्णता निघून जात असते आणि तिच्या जाण्याचंच ते सुख असतं. उष्णता निघून गेली की सुखाचं कारणही संपतं. मग दुसऱ्या संध्याकाळी त्याच हवेत पोरं कुडकुडतात, आजी खोलीबाहेर पडायला नकार देते. हवा तीच असते, अंग मात्र घाट चढतानाचं राहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट सवयीची. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतल्या कचेऱ्यांमध्ये माणसांना हवा कशी वाटते हे विचारून भारतापुरतं एक सूत्र बसवलं. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला स्थान मिळालं. खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या माणसांसाठी ते सांगतं की बाहेरचं गेल्या महिनाभराचं सरासरी तापमान एक अंशाने बदललं, तर सुखाचा बिंदू साधारण अर्ध्या अंशाने सरकतो. बाहेरची सरासरी ३० असेल तर आत २९ अंशांना बरं वाटतं, १५ असेल तर २१च्या आसपास. म्हणजे एकाचं सुख दुसऱ्याच्या सुखापासून आठ अंश दूर असू शकतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

यातला काही भाग कायमचा असतो. जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांनी दाखवलं, की किती घर्मग्रंथी कामाला लागणार हे बालपणाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या हवेवर बरंच अवलंबून असतं. उरलेला भाग बदलता येतो. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. थंडीशी जुळवून घेणं त्याहून अवघड, कारण आपण मुळात उष्ण प्रदेशातला प्राणी आहोत. थंडीच्या बाबतीत आपला आधार अंगापेक्षा कपडे, चूल आणि भिंत हाच राहिला आहे. म्हैसूरच्या इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रात महिनोन्‌महिने राहणाऱ्या मराठी मुलामुलींना तिथली हवा अंगवळणी पडायला वेळ मिळतो. चार रात्रींच्या सहलीत तो मिळत नाही. सहल संपते तेव्हा शरीर नव्या हवेची ओळख करून घेत असतं.

घराची साथ

सहलीत जी थंडी असह्य होते, ती पुष्कळदा बाहेरच्या हवेची नसून खोलीतली असते. आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणी साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते. फरशी गार, चादर दमट, गरम पाणी ठरावीक वेळेपुरतं. शून्याखाली तापमान जाणाऱ्या देशातला माणूस घरात वीस-एकवीस अंशांत बसलेला असतो. थंडी त्याला दारापासून गाडीपर्यंत भेटते. आपला माणूस उटीत बारा अंशांच्या खोलीत झोपतो. बाहेर बर्फ पाहिलेला परदेशी पाहुणा आपल्याकडच्या डोंगरावरच्या खोलीत गारठतो, त्याचं कारण हेच.

पावसात तर घराची साथ आणखी महत्त्वाची. पाणी अंगातली उष्णता हवेच्या मानाने कितीतरी वेगाने ओढून घेतं. त्यामुळे वीस अंशांतही ओल्या कपड्यांवर वारा लागला की हुडहुडी भरते. कोकणातल्या घराला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. उतरतं छप्पर, पडवी, चुलीवरच्या उबेत कपडे वाळत घालायचं वलण, आगोटीआधी भरून ठेवलेली सुकी लाकडं, शेतात इरलं. कूर्गमधली जुनी घरंही अशीच खोल पडवीची. तिथल्या पावसात चार महिने काढणाऱ्याजवळ पाऊस सोसायची सगळी हत्यारं असतात. पर्यटकाजवळ एक छत्री आणि कापडी बूट असतात. त्याच्या वाट्याला पावसाची सगळी ओल येते आणि ती वाळवायची जागा येत नाही.

इंग्रज साहेबांनीही हाच हिशेब केला होता. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास महाबळेश्वर वसवायला घेतलं, पण मुंबई सरकार तिथे फक्त उन्हाळ्यात राही. पाऊस धरला की गव्हर्नर पुण्याला गणेशखिंडीत येई, कारण घाटाच्या पावसाआड गारवा होता आणि चिखल कमी. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन याने १८२०च्या दशकात उटीला घर बांधलं आणि पुढे मद्रास सरकार तिथे उन्हाळा काढू लागलं. म्हैसूरच्या वडियार राजांचाही उटीला फर्नहिल्स राजवाडा होता. महाराष्ट्रातून माणसं थंड हवेसाठी ज्या शहरात येतात, त्याच्या राजाला उन्हाळ्यात आणखी वर जावंसं वाटे. गारव्याची गरज प्रत्येकाच्या आपल्या गावापासून मोजली जाते.

मनातलं पंचांग

मराठी मनात दसरा म्हणजे पाऊस संपल्याची खूण. शेतं पिकलेली, आभाळ धुतलेलं, सीमोल्लंघनाला वाट मोकळी. हवामान खात्याच्या २०२०मध्ये सुधारलेल्या तारखांनुसारही मुंबईतून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला परततो. म्हणून दसरा-दिवाळीत निघालेलं मराठी कुटुंब रेनकोट घरी ठेवतं. म्हैसूरला मात्र ऑक्टोबर हा पावसाळी महिना. सकाळ लख्ख असते, दुपारनंतर ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाटासह सर येते.

१६१० साली राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टणला सुरू केलेला दसरा आता राज्याचा उत्सव आहे. विजयादशमीला साडेसातशे किलोच्या सुवर्ण अंबारीत चामुंडेश्वरीला बसवून हत्ती राजवाड्यातून बन्नीमंटपाकडे निघतात. आभाळ भरून आलं म्हणून तिथला माणूस रस्त्याकडेची जागा सोडत नाही. त्याच्या पंचांगात या दिवसांत पाऊस बसलेलाच आहे. पाहुण्याच्या पंचांगात तो नाही, म्हणून तेवढीच सर त्याला दुप्पट भिजवते. मला हे सहलीतल्या नाराजीचं सर्वांत मोठं कारण वाटतं. अपेक्षेबाहेरचा पाऊस सोसायला सर्वांत कठीण.

आणि अपेक्षा बदलली तर पाऊसच सहलीचं कारण होतो. १९७०च्या दशकापासून आखाती देशांतली अरब कुटुंबं मुंबईत जुलै-ऑगस्टात येत, कुलाब्यात उतरत आणि पाऊस पाहत. मुंबईकर ज्या दिवसांत लोकलच्या चिंतेत असतो, तेच दिवस त्यांनी निवडलेले. ओमानमध्ये सलालाह शहराजवळच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर भुरभुर आणि धुकं असतं. उरलेला आखात चाळिशीच्या पुढे भाजत असताना तिथे पंचविशीचा गारवा असतो आणि आखातभरातून गाड्या भरभरून माणसं ओलं हिरवं गवत पाहायला जातात. मीएचकोव्स्की या कॅनडातल्या भूगोलतज्ज्ञाने १९८५ साली पर्यटनासाठी हवामानाला १०० पैकी गुण देण्याची रीत बसवली. तीत स्वच्छ उन्हाचे २० गुण आणि पाऊस कमी असण्याचे २०. हा थंड देशातल्या सुट्टीचा तराजू आहे. सलालाहला किंवा पहिल्या पावसात लोणावळ्याला निघालेल्या माणसाला तो लावला, तर माप उलटं पडेल.

यजमानांचा पाऊस

पाहुण्याच्या सुखदुःखाइतकंच यजमानाकडेही पाहायला हवं. म्हैसूरजवळचं कृष्णराज सागर धरण विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीखाली १९११पासून उभं राहिलं. त्याच्या पायथ्याची वृंदावन उद्यानाची कारंजी पाहायला प्रत्येक मराठी बस थांबते. त्या धरणातलं पाणी मुख्यतः कूर्गच्या पावसाचं. मडिकेरीला आपण ज्या पावसावर वैतागतो, तोच दोन दिवसांनी वृंदावनात आपल्याला रिझवतो. धरण भरलं की मुख्यमंत्री येऊन कावेरीला बागिन अर्पण करतात, आपल्याकडे नदीची ओटी भरतात तसं. २०२३ साली कूर्गमध्ये पाऊस कमी पडला, धरण भरलं नाही आणि त्याच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या मंड्याच्या शेतकऱ्यांचा हंगाम टांगणीला लागला. कॉफीच्या मळ्यांना फेब्रुवारी-मार्चमधल्या एका वेळेवरच्या सरीवर पूर्ण वर्षाचा फुलोरा मिळतो. तिथे पाऊस म्हणजे सुट्टीतला व्यत्यय नव्हे, घरातल्या भाकरीचा प्रश्न आहे.

तो घातही करतो. ऑगस्ट २०१८मध्ये कूर्गमधले डोंगर खचले, घरं आणि मळे गेले. काही काळ पर्यटकांना येण्यास बंदी घालावी लागली. आपल्याकडे दरडीखाली गेलेली माळीण (२०१४), तळिये (२०२१), इरशाळवाडी (२०२३) ही नावं अजून ओली आहेत. पाऊस सोसण्याची सवय आणि पावसाचा धोका ओळखण्याची समज या वेगळ्या गोष्टी आहेत. भर पावसात धबधब्याखाली उभं राहणारा तरुण पावसाला सरावलेला असेलही, पण वरच्या डोंगरावर किती पाणी पडलं आहे, हे त्याच्या अंगाला कळत नाही. ते गावातल्या माणसाला कळतं. त्याने आज पुढे जाऊ नका म्हटलं, तर ऐकावं.

सुट्टीआधीची तयारी

ज्या महिन्यात जायचं त्या महिन्याचं तिथलं किमान तापमान आणि पाऊस पाहावा, आणि ते आकडे आपल्या गावाच्या त्याच महिन्याच्या आकड्यांशेजारी मांडावेत. सुख ठरणार आहे ते या दोहोंतल्या अंतरावरून. ऑक्टोबरात म्हैसूरला चामुंडी टेकडी आणि श्रीरंगपट्टण सकाळी उरकावं, दुपारनंतर राजवाडा, संग्रहालय, देवराज मार्केट अशा छपराखालच्या जागा ठेवाव्यात. मे महिन्यात उटीला जाताना एक रात्र म्हैसूरला काढावी, म्हणजे उतरंड दोन पायऱ्यांत होते. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना थंडी लवकर बाधते. त्यांच्यासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि पायमोजे हाताशी असावेत. बसमध्ये कुणी खिडकी लावून घ्या म्हटलं, तर त्याची थट्टा करू नये. तो खोटं बोलत नाही, त्याचं गाव बोलतं आहे.

माझी खरी काळजी पुढची आहे. वातानुकूलित इमारतींत कायम राहणाऱ्यांचा सोसण्याचा पट्टा, खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्यांपेक्षा बराच अरुंद असतो, असं सुखद तापमानावरचा जागतिक अभ्यास सांगतो. भारतात जानेवारी २०२०पासून नव्या घरगुती एसीचं सुरुवातीचं तापमान २४ अंशांवर बांधून द्यावं लागलं, कारण माणसं ते अठरा-वीसवर ठेवू लागली होती. निफाडची थंडी, चंद्रपूरचं ऊन, आंबोलीचा पाऊस सोसण्याची वेगवेगळी ताकद महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरवली. ती एका बंद खोलीच्या एकाच आकड्यात आटून जाऊ नये. उन्हाळे वाढत असताना ती आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे. म्हणून मुलांना अशा सहलींना न्यावं, त्यांना थोडं कुडकुडू द्यावं, थोडं भिजू द्यावं आणि कोरडं कसं व्हायचं तेही शिकवावं. परक्या गावची हवा अंगावर घेतलेल्या मुलाला दुसऱ्याची थंडी आणि दुसऱ्याचा पाऊस खरा मानता येतो, आणि मोठं झाल्यावर स्वतःच्या गावच्या वाढत्या उन्हाला ते अधिक तयारीने सामोरं जातं.